जुनी ऑटोमॅटिक फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद मिळणारी) गाडी असेल तर फोंड्याच्या या गॅरेजात दाखवा

माझी २००५ ची होंडा सीआर-व्ही, ऑटोमॅटिक. स्टेअरिंग पूर्ण वळवलं की मागून घरघर आणि हिसके. पणजीत एकानं तर थेट गिअरबॉक्स उतरवायलाच सांगितलं होतं. इथल्या मेस्त्रींनी आधी गिअरबॉक्सचं तेल पाहिलं: लालसर, जळका वास नाही. मग मैदानात गाडी हळू गोल फिरवली. सरळ जाताना काही नाही, वळतानाच आवाज. म्हणजे दोष मागच्या डिफरन्शियलचा, मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणाऱ्या भागाचा. या गाडीत त्यात दोन पंप असतात. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरली, जशी वळताना फिरतात, की तेलाचा दाब वाढून मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच धरतो. तेल खराब असलं की अडखळत धरतो. साधं गिअर ऑइल त्यांनी घालूच दिलं नाही, या दोन पंपांसाठीचं खास तेल, ड्युअल पंप फ्लुइडच मागवलं. आवाज बंद! असा नीट तपासणारा माणूस मिळणं भाग्यच. शनिवारी गर्दी असते, आधी फोन करा.