दहा महिन्यांनंतर: १४०० लिटरच्या टबावर छोटा हीट पंप, कोल्हापूरच्या हवेत

आधी सेटअप. पन्हाळा रस्त्यालगतचं फार्महाऊस, १४०० लिटरचा ॲक्रिलिक टब, पाण्याचा उघडा पृष्ठभाग साधारण साडेतीन चौरस मीटर, वर फोमचं जाड झाकण. मशीन म्हणजे हीट पंप, बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्याला देणारं यंत्र. सिंगल फेजवरचं, इन्व्हर्टर (म्हणजे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारं), आर-३२ गॅसचं, डब्यावर ५.२ किलोवॅट उष्णता छापलेलं. वापर आठवड्यातून एकदा, शुक्रवारी सुरू आणि रविवारी रात्री बंद. ऑक्टोबरपासून जुलैपर्यंत टब, पंप आणि मशीन असं सगळं एका सब-मीटरवर आहे. ब्रँड मुद्दामच लिहीत नाही. बाजारातली बरीचशी छोटी मशीन्स चीनच्या ग्वांगडोंग प्रांतातून येतात आणि एकाच सांगाड्यावर निरनिराळी लेबलं लागतात. त्यामुळे लेबलापेक्षा आतली कॉइल, कॉम्प्रेसर आणि माहितीपत्रकातला तक्ता बघणं जास्त कामाचं.

तो तक्ता नीट वाचता आला तर निम्मं काम झालं. डब्यावरचा मोठा आकडा हवा २६ अंश, पाणी २६ अंश आणि दमटपणा ८० टक्के या परिस्थितीतला असतो. खाली बारीक अक्षरात दुसरी ओळ असते, हवा १५, पाणी २६. आमच्या मशीनची तिथली क्षमता ३.८. पण टबात २६ अंशांच्या पाण्यात कोण बसतो? टबाला ३८ लागतं, आणि हवा १५, पाणी ३८ अशी ओळ बहुतेक पत्रकांत नसतेच. ती मोजूनच काढावी लागते. डिसेंबरातल्या रात्री १६-१७ अंश हवेत पाण्याचे पहिले तीन-चार अंश तासाला सव्वादोनच्या वेगाने चढतात, ३५ च्या पुढचे तासाला जेमतेम दीडने. १४०० लिटर पाणी एक अंशाने तापवायला १.६३ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. झाकणाखालून होणारी गळती धरून हिशोब केला तर शेवटच्या टप्प्यात मशीन २.९ किलोवॅटच्या आसपास देतं. म्हणजे डब्यावर ५.२ आणि गरजेच्या वेळी हातात २.९. यात कुणी फसवलेलं नाही, यंत्राचा धर्मच तो. पाणी जितकं गरम तितका कॉम्प्रेसरवर दाब जास्त, आणि हवा जितकी गार तितकी बाहेरून ओढायला उष्णता कमी. मात्र विकणारा "पाच किलोवॅट आहे साहेब, तीन तासांत तापेल" म्हणाला, तर पाणी किती अंशांचं धरून सांगताय, एवढं त्याला विचारायचंच.

हिशोबाचं सूत्र सोपं आहे. लिटर गुणिले अंश गुणिले १.१६३, भागिले हजार, एवढी युनिट उष्णता. त्याला किती तासांत तापवायचं त्या तासांनी भागा आणि झाकण चांगलं असेल तर वर पंचवीस टक्के धरा. येईल तो आकडा तक्त्यातल्या दुसऱ्या ओळीशी ताडून बघा, पहिलीशी नाही. टबासाठी त्या दुसऱ्या ओळीतूनही आणखी पाव भाग वजा करायचा.

मीटरवर आलेलं असं. डिसेंबरात २२ वरून ३८ ला न्यायला साडेआठ ते नऊ तास आणि आठ युनिटच्या आसपास. जुलैत हवा २२-२३ आणि चिंब दमट, पाणी २३ वरून ३८, सहा तास, सहा युनिट. एप्रिलअखेर पाणी मुळातच २९ असतं, तीन तासांत आणि तीन युनिटांत काम होतं. जुलैचा आकडा लोकांना चकवतो. पावसात मशीन हरेल असं वाटतं, पण दमट हवेतली वाफ हवेच्या बाजूच्या कॉइलवर पाणी होऊन टपकताना स्वतःची उष्णता देऊन जाते, त्यामुळे त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा दमट हवेत मशीन जास्त देतं. हेच काम तीन किलोवॅटच्या हीटर रॉडने डिसेंबरात केलं तर दहा तास आणि तीस युनिट लागतात. युनिटला १२ रुपये धरले तर एका तापवणीत अडीचशे रुपयांच्या वर फरक पडतो. हा फरक हिवाळ्यातला. एप्रिल-मेमध्ये तो जवळजवळ निम्म्यावर येतो. वर्षाकाठी किती वेळा टब तापणार ते प्रामाणिकपणे मोजा आणि मशीनची किंमत त्यावर भागा. महिन्यातून एकदा वापरणाऱ्याने हीट पंपाच्या नादी लागू नये, रॉड बरा.

आता झाकण. यावर लोक पाच मिनिटंही घालवत नाहीत आणि पैसे इथेच जातात. ३८ अंशांचं पाणी १६ अंशांच्या हवेत उघडं ठेवलं की टब तासाला दीड अंश उतरतो, तोही वारा नसताना. म्हणजे अडीच किलोवॅट आभाळात. मशीन देतंय २.९, त्यामुळे उघड्या टबावर ते रात्रभर धावतं आणि काटा जागचा हलत नाही. मग "मशीन कमजोर निघालं" अशी तक्रार होते. शंका असेल तर टबाच्या कडेला पेन्सिलीने पाण्याची रेघ मारा. एक लिटर पाणी वाफ होऊन जाताना पाऊण युनिटाच्या थोडी आत, ०.६७ च्या आसपास उष्णता नेतं. आमच्या टबात पातळी एक मिलिमीटर उतरली म्हणजे साडेतीन लिटर गेलं, सव्वादोन युनिटांपेक्षा जास्त उष्णता गेली. झाकण घातल्यावर हेच नुकसान तासाला पाव अंशावर येतं. बुडबुड्यांचा ब्लोअर तर बाहेरची गार हवा थेट पाण्यातून ढकलतो. तो दहा-पंधरा मिनिटांपुरता ठीक.

झाकणाच्या फोमचं प्लास्टिक आवरण शिवणीत फाटलं की फोम पाणी पितो. ते उचलून बघायचं. पहिल्या महिन्यात एका हाताने उचलणारं झाकण जूनमध्ये दोघांना लागू लागलं, तर आत पाणी शिरलेलं आहे आणि ओला फोम उष्णता अडवत नाही.

पन्हाळ्यावर टब असेल तर हिशोब बदलतो. कोल्हापूर शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, गड नऊशेच्याही वर. तिथे वारा, धुकं आणि गारठा. एक माप मोठं मशीन घ्या आणि टबाला वाऱ्याच्या बाजूने आडोसा करा. आडोसा टबाला हं, मशीनला नाही. मशीन कोंडलं तर पंख्यातून निघालेली गार हवा परत मागून आत ओढली जाते आणि कॉइल आपलीच गारठलेली हवा चघळत बसते. मागे निदान अर्धा मीटर, पुढे दोन मीटर मोकळं हवं. पत्र्याच्या शेडखाली, तीन बाजूंनी भिंत असलेल्या कोपऱ्यात लावलेली मशीन्स हमखास रडतात. पावसाची भीती नको, ती बाहेर ठेवायलाच बनवलेली असतात. फक्त खाली सहा इंचांचा कट्टा हवा, नाहीतर लाल मातीचे शिंतोडे कॉइलवर चढतात.

इन्व्हर्टर घ्यावा का? दुकानात सांगतात विजेच्या बचतीसाठी घ्या. रोज तापमान राखून ठेवणाऱ्या पूलसाठी ते खरं आहे, कारण मशीन कमी वेगाने दिवसभर चालतं आणि तेव्हाच त्याची कार्यक्षमता जास्त असते. आठवड्याला एकदा गार पाण्यापासून सुरू होणाऱ्या टबावर ते बहुतेक वेळ पूर्ण वेगानेच धावतं. तिथे बचत फारशी दिसत नाही. तरीही गावाकडच्या लाईनीवर इन्व्हर्टरच घ्यावा, आणि कारण वेगळं आहे. साधा कॉम्प्रेसर सुरू होताना चालू करंटच्या चार-सहा पट ओढतो. लाईन १९० व्होल्टवर असताना तो गुरगुरून ट्रिप होतो. इन्व्हर्टर हळूहळू वेग घेतो, त्याला हा धक्का नाही.

उणे दहा अंशांत चालणारं, बर्फ वितळवणारं अशा जाहिरातींना कोल्हापुरात पैसे मोजू नका. इथे जानेवारीची पहाट १४-१५ ची. उलट पाणी गार करण्याची सोय असेल तर ती बघा. एप्रिल-मेमध्ये उघड्या पूलचं पाणी कोमट होतं, तेव्हा ती खरंच वापरली जाते.

जोडणीचा क्रम असा: टब, पंप, फिल्टर, हीट पंप, मग क्लोरीनचा डबा, आणि परत टब. क्लोरीनचा डबा मशीनच्या आधी नको. पंप बंद झाल्यावर तीव्र क्लोरीनचं आम्लयुक्त पाणी मागे सरकून मशीनच्या आत साचतं. पाण्याच्या बाजूची कॉइल टायटेनियमची असेल तर ती टिकते, पण आतले रबरी सील आणि फ्लो स्विच (पाणी वाहतंय का ते ओळखणारा) खाल्ले जातात. टीसीसीए गोळीच्या (क्लोरीनच्या नेहमीच्या गोळीच्या) द्रावणाचा पीएच तीनच्या आसपास असतो, म्हणून गोळी स्किमरमध्ये (वरवरचं पाणी ओढून घेणाऱ्या तोंडात) टाकून पंप बंद ठेवणंही तितकंच वाईट. मशीनच्या दोन्ही तोंडांना युनियन (खोलता येणारी जोडणी) आणि तीन बॉल व्हॉल्व्हचा बायपास (मशीन वगळून पाणी वळवणारा रस्ता) घाला. चारशे-पाचशे रुपये वाचवायला प्लंबर थेट चिकटवून टाकतो, आणि मग मशीन काढायचं तर पाइप कापावा लागतो.

पाण्याचा प्रवाह मोजायला मीटर लागत नाही. परतीचा पाइप वीस लिटरच्या बादलीत सोडा. ३६ सेकंदांत बादली भरली म्हणजे तासाला २००० लिटर, आमच्या मशीनला हवे तेवढे. ५० सेकंद लागले तर फिल्टर काढून धुवा. दुसरी खूण तापमानाच्या फरकाची. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या पाण्यात सव्वा ते सव्वादोन अंश फरक असावा. तीनच्या वर गेला तर पाणी कमी जातंय. प्रवाह ठीक असून फरकच कमी झाला असेल तर पाण्याच्या कॉइलवर क्षार बसलाय, किंवा बाहेरची कॉइल मळलीय, किंवा गॅस कमी आहे, याच क्रमाने तपासा. एरर कोड कंपनीगणिक वेगळे, पण बहुतेक वेळा अर्थ यातलाच निघतो: पाणी नाही, दाब जास्त, दाब कमी. ३५-३६ ला पोचल्यावरच जास्त दाबाचा कोड येत असेल तर मेकॅनिक बोलावण्याआधी फिल्टर बघा.

बोअरचं पाणी जड असेल तर क्षार हमखास, आणि तो सगळ्यात गरम पृष्ठभागावर आधी बसतो. पीएच ७.२ ते ७.६, अल्कलिनिटी ८० ते १२० आणि क्लोरीन ३ ते ५ पीपीएम राखायचं. स्वस्त म्हणून ब्लीचिंग पावडर टाकली की तिचा चुना त्यात आणखी भर घालतो. क्षार काढायला मशीनच्या दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, वीस लिटर पाण्यात एक किलो सायट्रिक ॲसिड विरघळवून छोट्या सबमर्सिबल पंपाने तासभर मशीनमधून फिरवायचं, मग साध्या पाण्याने धुऊन काढायचं. टँकरचं किंवा नळाचं मऊ पाणी मिळत असेल तर ही कटकट वर्षातून एकदाच.

आता एक खास आपल्याकडची गोष्ट, जी कोणत्याही माहितीपत्रकात सापडणार नाही. ऊसतोडीच्या हंगामात पाचट पेटवलं की काजळी उडते, गुऱ्हाळाच्या चुलाणाची राख त्यात मिसळते. ही काजळी कोरड्या धुळीसारखी झटकून जात नाही, दवाने ओली होऊन कॉइलच्या पत्र्यांत चिकटते. फेब्रुवारीत मागची बाजू टॉर्च मारून बघितली तर पत्र्यांच्या फटी काळ्या रेघांनी भरलेल्या दिसतात, बोट फिरवलं की काजळासारखं उमटतं. तेवढ्याने तापायचा वेळ तासभर वाढला होता. स्वच्छ करताना मेन बंद, मऊ ब्रश पत्र्यांच्या दिशेने वरून खाली, भांड्याच्या साबणाचं पातळ पाणी आणि बागेचा झारी-पाइप. गाडी धुवायचा प्रेशर वॉशर अजिबात नको. पत्र्या कागदासारख्या दुमडतात आणि मग कंगव्याने एकेक सरळ करत बसावं लागतं. नोव्हेंबर ते मार्च महिन्याला एकदा, एरवी तीन महिन्यांतून एकदा पुरे.

पावसाळ्यात मशीनखाली पाणी दिसलं की बहुतेकांना गळती वाटते. जुलैत तासाला दोन-अडीच लिटर पाणी नुसतं हवेतलं निघतं, मार्चच्या कोरड्या दुपारी जवळजवळ नाही. ओळखायला क्लोरीनची पट्टी त्या पाण्यात बुडवा. रंग आला तर टबाचं पाणी, नाही आला तर हवेचं. किंवा मशीन बंद करून फक्त पंप चालवा, तासाभरात थेंब थांबायला हवेत.

विजेचं थोडक्यात: २.५ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, १६ अँपिअरचा सी कर्व्ह एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा), वेगळं अर्थिंग. आरसीसीबी टाइप ए घ्या, इन्व्हर्टर मशीनला साधा टाइप एसी चालत नाही. वळवाच्या विजांसाठी सर्ज प्रोटेक्टर लावा, पीसीबी (मशीनचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) तिथेच जळतो. केबल आत शिरते तिथलं ग्लँड (केबलभोवतीचं बूच) घट्ट बंद करा. मुंग्या आणि पाली ऊब शोधत पीसीबीवर जाऊन बसतात आणि एक पाल शॉर्ट होऊन मेली की बोर्ड गेला. शेतीपंपाची लाईन पाळीने येते, मशीन तिच्यावर जोडू नका. आणि लाईट जाऊन आल्यावर मशीन आपोआप सुरू होतं का, हे दुकानातच प्लग काढून तपासा. काही मॉडेल्स स्टँडबायवर बसून राहतात, आणि शनिवारी पाहुणे आले की टब गार.

मशीन टेम्पोतून आडवं आलं असेल तर उभं करून चोवीस तास तसंच ठेवा, कॉम्प्रेसरचं तेल खाली उतरू द्या. तापमान ४० च्या वर कधीच नको. मुलांना ३५ आणि तेही थोडाच वेळ.

दुरुस्तीची बाजू अर्धी सोपी, अर्धी अवघड. आर-३२ घरगुती एसीत असल्याने शहरातला चांगला एसी मेकॅनिक दाब तपासून गॅस भरू शकतो. वजन काट्यावर मोजून भरतो का, एवढं बघा, अंदाजाने भरणारा नको. पण पीसीबी, पंख्याची मोटर आणि फ्लो स्विच त्याच मॉडेलचे लागतात. इथे नवव्या महिन्यात फ्लो स्विचची पाती झिजली, विक्रेत्याकडे तो भाग नव्हता आणि यायला पाच आठवडे लागले. दोन वर्षांची वॉरंटी होती, स्विच फुकटच मिळाला. फक्त तो येईपर्यंत जून सरला. खरेदीच्या वेळीच एक फ्लो स्विच आणि तापमानाचे दोन सेन्सर जास्तीचे मागून घ्या, आणि बिलावर त्यांचे पार्ट नंबर लिहून घ्या.