एचएलएस की नुसतं सेंटिनेल-२? पिकावर नजर ठेवायला काय घ्यावं

उपग्रहाच्या चित्रांवरून पिकाची हिरवाई मोजायची ठरली की या दोघांतून एक निवडावं लागतं. दोन्ही फुकट मिळतात, फक्त खातं उघडावं लागतं.

एचएलएस म्हणजे अमेरिकेचे लँडसॅट ८ व ९ आणि युरोपचे सेंटिनेल-२ यांची चित्रं एका मापात आणून नासाने केलेला साठा. दोन लँडसॅट मिळून एका जागेवर दर ८ दिवसांनी येतात, सेंटिनेल-२ ची जोडी दर ५ दिवसांनी. एकत्र धरले तर २-३ दिवसांत एक चित्र मिळतं. ही जोडणी स्वतः करायला गेलात तर फसाल. दोघांचे लाल आणि अवरक्त प्रकाशाचे पट्टे थोडे वेगळे, बघण्याचा कोन वेगळा. त्यामुळे एकाच शेताचा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई दाखवणारा आकडा, दोघांकडून वेगळा येतो आणि पिकाला ताण बसल्यासारखा खोटा खड्डा आलेखात दिसतो. शिवाय जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या आकड्यांत १००० मिळवलेले असतात. ते वजा करायचे राहिले की सगळाच हिशेब चुकतो. एचएलएसमध्ये वातावरण, कोन, पट्टे यांची दुरुस्ती आधीच झालेली असते, चौकटीही तंतोतंत जुळतात. हे काम मला फार मोलाचं वाटतं.

बारकावा मात्र जातो. एचएलएसचा एक ठिपका ३० मीटरचा, म्हणजे जवळजवळ ९ गुंठे. सेंटिनेल-२ चा १० मीटरचा ठिपका साधारण एक गुंठा. एकरभर रानात सेंटिनेलचे ४० ठिपके बसतात, एचएलएसचे जेमतेम साडेचार, आणि त्यांतही बांध आणि शेजारचा ऊस मिसळलेला. म्हणून एकेका शेतकऱ्याच्या तुकड्यासाठी मी सेंटिनेल-२ च सांगेन. तालुक्यात हरभरा कधी पिवळा पडायला लागला, धरणाचं पाणी कसं ओसरतंय, असल्या प्रश्नांना तारखा जास्त लागतात. तिथे एचएलएस घ्या.

इस्रोच्या भूनिधी संकेतस्थळावर रिसोर्ससॅट उपग्रहांवरच्या लिस-३ कॅमेऱ्याची चित्रं आहेत, साधारण २४ मीटरची. पण एक उपग्रह त्याच जागी २४ दिवसांनी येतो, त्यामुळे ती पूरक म्हणूनच ठेवा.

जुलै-ऑगस्टात कोकणावर ढग दाटले की यातलं काहीच कामाचं नाही. ढगांच्या आरपार रडारच बघू शकतं. खरिपाचा भात मोजायचा असेल तर सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहापासूनच सुरुवात करा, आणि ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोटाहून गेलेल्या निसार या नासा-इस्रोच्या रडार उपग्रहाच्या चित्रांवरही लक्ष ठेवा. तो दर १२ दिवसांनी त्याच जागी येतो.