पाय कापावा की राखावा, रेडिएशन आधी घ्यावं की नंतर?

मांडीतली किंवा दंडातली गाठ सार्कोमा, म्हणजे स्नायू, चरबी अशा भागांतला कर्करोग, निघाली की घरचे पहिल्यांदा म्हणतात, पाय गेला तरी चालेल, पण आजार मुळापासून जाऊ दे. पण पाय कापल्याने आयुष्य वाढतंच असं नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1982 मध्ये 43 रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल मांडले. 16 जणांचा हात किंवा पाय कापला, 27 जणांचा राखून फक्त गाठ काढली आणि रेडिएशन दिलं. राखलेल्यांपैकी 4 जणांना त्याच जागी पुन्हा गाठ आली, कापलेल्यांत कुणालाही नाही. तरी पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण राखलेल्यांत 83 आणि कापलेल्यांत 88 टक्के होतं. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक ठरत नाही. चाचणी लहान होती, पण हातापायांच्या सार्कोमात आज जगभर अवयव राखण्यावरच भर आहे. कारण या आजारात जीव जातो तो बहुतेकदा फुफ्फुसात पसरल्यामुळे, आणि त्या पेशी अनेकदा ऑपरेशनच्या आधीच निघून गेलेल्या असतात. मुख्य नस आणि हाड दोन्ही गाठीत अडकली असतील, राखलेला पाय चालायच्या कामाचाच राहणार नसेल, तेव्हा मात्र कापणं योग्य.

म्हणून गाठ परत आली तरी बिघडत नाही, असा अर्थ कुणी काढू नये. हाय ग्रेड (म्हणजे आक्रमक प्रकारची), खोलवरची, 5 सेंटीमीटरपेक्षा मोठी गाठ परत येते तेव्हा पुढचं चित्र वाईटच असतं. शिवाय दुसऱ्या ऑपरेशनमध्ये अवयव वाचवणं अवघड जातं. पोटाच्या मागच्या भागातला सार्कोमा तर वेगळाच. तिथे आतडी, मूत्रपिंड, मोठ्या रक्तवाहिन्या खेटून असल्याने गाठीभोवती निरोगी भागाची मोकळी कड मिळत नाही आणि जागेवर परत आलेली गाठच जिवावर बेतते. त्यामुळे तिथे पहिलं ऑपरेशन सार्कोमाची सवय असलेल्या सर्जनकडेच करावं.

हातापायांच्या बाबतीत खरा निर्णय रेडिएशनच्या क्रमाचा आहे. कॅनडातल्या 2002 च्या चाचणीत 190 रुग्ण होते. ऑपरेशनआधी दिलं तर 25 वेळा मिळून 50 ग्रे (रेडिएशनच्या डोसाचं माप), नंतर दिलं तर 33 वेळा मिळून 66 ग्रे. गाठ रोखण्यात दोन्ही सारखे. आधी घेतलेल्यांत जखम चिघळण्याचं प्रमाण 35 टक्के, नंतर घेतलेल्यांत 17; सर्वांत जास्त त्रास मांडीला. जखम मात्र कधीतरी भरते. नंतरच्या मोठ्या डोसाने येणारा कडकपणा, सूज, आखडलेला सांधा आयुष्यभर राहतो. म्हणून दंडाच्या गाठीला आधीचं रेडिएशन बरं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मांडीची गाठ, त्यात साखर आटोक्यात नाही किंवा विडी-सिगारेट चालू आहे, तर सर्जनशी जखमेबद्दल नीट बोलून मगच ठरवा.

प्रवासही हिशोबात धरा. आठवड्याला पाच दिवस म्हणजे आधीचे पाच आठवडे, नंतरचे साडेसहा. ठाण्याहून खारघरला, टाटा कर्करोग रुग्णालयाच्या ॲक्ट्रेक केंद्रात जायचं तर पनवेल लोकल आहे, पण स्टेशनचे जिने आणि पुढे रिक्षा. ऑपरेशनआधी हे बहुतेकांना जमतं. नुकत्याच भरलेल्या मांडीच्या जखमेवर साडेसहा आठवडे फार जड जातं.

चरबीची गाठ समजून एमआरआय, बायोप्सीशिवाय ती आधीच कुठे काढली असेल, तर ही तुलना थोडी थांबवा. अशा ऑपरेशनमध्ये गाठ नुसती सोलून काढलेली असते आणि आजाराच्या पेशी जागेवर उरण्याची शक्यता मोठी असते. पहिल्या दवाखान्यातून डिस्चार्ज कार्ड, पॅथॉलॉजीच्या स्लाइड आणि मेणाचे ब्लॉक (मेणात जपून ठेवलेले गाठीचे तुकडे) दोन्ही मागून घ्या, नवा एमआरआय करा. बहुतेक वेळा जुना व्रण, ड्रेनच्या नळीचं भोक आणि खालचा भाग एकत्र पुन्हा काढावा लागतो. रेडिएशन आधी की नंतर, हे सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर तो एमआरआय एकत्र बसून पाहतील तेव्हाच ठरेल.