मांजराची साखर उतरत नाही, तेव्हा: मात्रा वाढवणे, इन्सुलिन बदलणे की कारण शोधणे

सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन टोचूनही महिनाभरात मांजराची साखर साडेतीनशे-चारशेच्या खाली येत नसेल, तर घरच्या माणसाला पहिला मोह होतो तो मात्रा वाढवण्याचा. वाटा मात्र तीन असतात: आहे त्याच इन्सुलिनची मात्रा वाढवणे, इन्सुलिनच बदलणे, किंवा वाढ थांबवून साखर न उतरण्याचे कारण शोधणे. यांतली कोणती धरायची हे सकाळच्या मोठ्या आकड्यावरून ठरत नाही. दोन टोचण्यांच्या मधल्या काळात साखर किती खाली गेली होती, यावरून ठरते. हा नीचांक ठाऊक नसेल, तर पशुवैद्यांशी होणारी पुढची सगळी चर्चा अंदाजपंचे होते.

समजा, दोन मांजरांची सकाळी ७ वाजता, टोचण्यापूर्वीची साखर ४१० आहे. पहिल्याची पुढे दर तीन तासांनी ३९०, ३७५, ३८५ आणि संध्याकाळी ४०० भरते. दुसऱ्याची २४०, दुपारी १ वाजता ९२, मग २७० आणि संध्याकाळी ४३०. सकाळी आणि संध्याकाळीच मोजणाऱ्याला ही दोन्ही मांजरे सारखीच वाटतील. प्रत्यक्षात पहिल्याच्या मात्रेत वाढीला जागा आहे, तर दुसऱ्याची मात्रा वाढवली तर दुपारी ते बेशुद्ध पडू शकते. त्याला अधिक इन्सुलिन नको, जास्त वेळ टिकणारे इन्सुलिन हवे. साखर फार खाली गेल्यावर शरीर उलट उसळी घेते म्हणून आकडे मोठे दिसतात, असे स्पष्टीकरण आजही सर्रास दिले जाते. ग्लार्जिन या जास्त वेळ टिकणाऱ्या इन्सुलिनवरील मांजरांत मात्र अशी उसळी क्वचितच आढळली आहे, त्यामुळे असा दिवसभराच्या आकड्यांचा आलेख न काढता निव्वळ त्या समजुतीवर मात्रा घटवणेही बरोबर नाही.

हा आलेख दवाखान्यात काढावा की घरी, या प्रश्नावर माझे मत स्पष्टपणे घराच्या बाजूने आहे. पिंजऱ्यातून आणलेल्या, शेजारी कुत्रा भुंकत असलेल्या मांजराची साखर केवळ भीतीने तीनशेपर्यंत चढू शकते. घरी कानाच्या कडेने जाणारी बारीक शीर पाहायची, कान बोटांनी चोळून ऊबदार करायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि टोचायचे. मोहरीच्या दाण्याएवढा थेंब ग्लुकोमीटरच्या पट्टीला पुरतो. आमचा बोका पहिल्या आठवड्यात पलंगाखाली पळत असे, नंतर उकडलेल्या कोंबडीच्या तुकड्यासाठी स्वतःहून येऊन बसू लागला. माणसांसाठीचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा प्रत्यक्षाहून कमी दाखवतो. तो चालतो, पण प्राण्यांसाठीच्या मीटरचे आकडे त्याच आलेखात मिसळू नयेत. त्वचेला चिकटवायचा सेन्सर हा सोयीचा पर्याय आहे, मात्र चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्या अंगावर अनेकदा त्याआधीच निघून येतो.

मात्रेला हात लावण्यापूर्वी सिरिंज तपासावी, आणि आपल्याकडे तर नक्कीच तपासावी. भारतात माणसांची साधी इन्सुलिने कुपीत बहुतेक ४० युनिट प्रति मिलिलिटर या तीव्रतेची मिळतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची असते. ग्लार्जिन बहुतेक १०० युनिट तीव्रतेचे असते व त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. औषधाच्या दुकानातून आम्हाला एकदा ग्लार्जिनसोबत लाल टोपणाच्या सिरिंजा मिळाल्या. त्यांच्या १ या खुणेपर्यंत ग्लार्जिन ओढले असते, तर एक नव्हे, अडीच युनिट गेले असते. चूक उलटी झाली, म्हणजे ४० तीव्रतेचे इन्सुलिन नारिंगी सिरिंजमध्ये भरले, तर मांजराला ठरलेल्या मात्रेच्या ४० टक्केच मिळते आणि साखर का उतरत नाही याचा उलगडा कुणालाच होत नाही. सुई कातडीऐवजी दाट केसांतच रिकामी होणे, उन्हात राहिलेली किंवा गोठून गेलेली कुपी, दिवसभर वाडग्यात भरून ठेवलेले पिष्टमय कोरडे खाद्य आणि खाजेवर दिलेले स्टेरॉइडचे इंजेक्शन हीसुद्धा याच रांगेतली कारणे आहेत.

हे सगळे निस्तरूनही आलेख पहिल्या मांजरासारखा सपाट आणि उंच असेल, तर मात्रा वाढवावी. प्रश्न उरतो वेगाचा. सावकाश पद्धतीत पशुवैद्य दर एक-दोन आठवड्यांनी आलेख पाहून साधारण अर्धा ते एक युनिट वाढवतात, नीचांक ८० ते १५० च्या दरम्यान आणि बाकीची साखर तीनशेच्या आत राहिली की समाधान मानतात. काटेकोर पद्धतीत घरी रोज किमान तीनदा साखर मोजून, मात्रा तीन ते सात दिवस स्थिर ठेवून, मग पाव ते अर्धा युनिट बदलतात आणि साखर जवळजवळ निरोगी मांजराइतकी आणण्याचा प्रयत्न करतात. कर्स्टन रूम्प आणि जॅकी रँड या संशोधकांनी २००९ मध्ये ग्लार्जिनवरील ५५ मांजरांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात या दुसऱ्या पद्धतीने ६४ टक्के मांजरांचे इन्सुलिन सुटले. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत सुरुवात केलेल्यांत हे प्रमाण ८४ टक्के होते, उशिरा सुरुवात केलेल्यांत ३५. आकडे मोहात पाडणारे आहेत, परंतु अभ्यासात तुलनेसाठी वेगळा गट नव्हता आणि ही मांजरे रोज कान टोचायला तयार असलेल्या माणसांच्या घरची होती, हे विसरू नये.

म्हणून निदान ताजे असेल, दुपारी घरी कोणी असेल आणि पशुवैद्य फोनवर आकडे ऐकून घेणारे असतील, तर मी काटेकोर पद्धत निवडेन. दोघेही सकाळी नऊला बाहेर पडणाऱ्या घरात तीच पद्धत धोक्याची आहे, कारण नीचांक नेमका घर रिकामे असतानाच येतो. आम्ही सावकाश पद्धत घेतली आणि आलेख रविवारी काढत राहिलो. साखर आटोक्यात यायला चार आठवड्यांऐवजी तीन महिने लागले. पद्धत कोणतीही असो, प्रत्येक मोठ्या आकड्यामागे त्याच वेळची मात्रा वाढवणे दोन्हींत बसत नाही. ग्लार्जिनचा साठा त्वचेखाली मुरत जातो आणि नव्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जावे लागतात. साखर ६० च्या खाली दिसली, किंवा मांजर झोकांड्या खाऊ लागले, तर हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचे पाणी चोळून थेट पशुवैद्यांना गाठावे.

आलेख दुसऱ्या मांजरासारखा असेल, तर तुलना इन्सुलिनांमध्ये करावी लागते, आणि ती फार लांबवण्याजोगी नाही. एनपीएच आणि लेंटे ही मध्यम काळ टिकणारी इन्सुलिने मांजरात अनेकदा बारा तास पुरत नाहीत. ग्लार्जिन आणि प्रोटामाइन झिंक जास्त टिकतात. एनपीएचवर साखर खाली जाऊन पुन्हा चढत असेल, तर मात्रेशी झुंजण्यापेक्षा ग्लार्जिनवर जाणे शहाणपणाचे, मात्र जुनी मोठी मात्रा तशीच पुढे न नेता पशुवैद्यांकडून नव्याने ठरवून घ्यावी. अमेरिकेत २०२२ आणि २०२३ मध्ये मांजरांसाठी मान्यता मिळालेली बेक्साग्लिफ्लोझिन आणि वेलाग्लिफ्लोझिन ही तोंडाने द्यायची औषधे इथे उत्तर नाहीत. ती आधी इन्सुलिन न घेतलेल्या मांजरांसाठी आहेत. ज्या मांजराने खाणे सोडले आहे किंवा ज्याला उलट्या होत आहेत, त्याच्याबाबत ही कोणतीच तुलना करत बसू नये. कीटोन, म्हणजे इन्सुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारे घातक पदार्थ, वाढल्याची शंका त्याच दिवशी तपासली पाहिजे.

तिसरी वाट धरण्याची वेळ साधारणपणे मात्रा दर किलोमागे दीड युनिटच्या पुढे जाऊनही साखर हलत नाही तेव्हा येते. दातांचा किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग आणि स्वादुपिंडाची सूज आधी पाहावी. त्यानंतर वाढ-संप्रेरकाच्या अतिरेकाचा, म्हणजे ॲक्रोमेगॅलीचा, विचार करावा. तो आपल्याकडे फारच क्वचित बोलला जातो. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी २०१५ मध्ये १,२२१ मधुमेही मांजरांच्या रक्ताची पाहणी केली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्यात त्याची सूचक असलेली, आयजीएफ-१ या संप्रेरकाची पातळी वाढलेली निघाली. मधुमेह आटोक्यात नसूनही वजन वाढणारे, रुंद चेहऱ्याचे, मोठ्या पंजांचे मांजर ही त्याची ओळखीची खूण आहे, पण अनेकांत ती दिसतही नाही. अशा मांजराला प्रत्येक वेळी बरीच युनिटे लागू शकतात आणि ती देणे चूक नसते. फक्त संप्रेरकाचा जोर कमी-जास्त होत असल्याने काल पचलेली मात्रा उद्या अचानक जड जाऊ शकते, त्यामुळे मात्रा जितकी मोठी, तितके टोचण्यापूर्वी साखर मोजणे टाळता येत नाही.