सुट्टीचे इंग्रजी शब्द: हाऊजी, जोड्या की कंदील?

दिवाळीच्या सुट्टीआधीचा आठवडा, 35 मिनिटांचा तास, आणि बाकांमधून धड चालताही येणार नाही असा मुंबईतला दुसरीचा वर्ग. सणासुदीचे आणि सुट्टीचे इंग्रजी शब्द खेळातून शिकवायचे तर कोणता खेळ घ्यावा? मी हे सगळे खेळ घेऊन पाहिले आहेत.

आधी शब्दांचं बोलू. 'हॉलिडे' मूळचा 'होली डे', पवित्र दिवस. अमेरिकेत त्यात सण येतो, ब्रिटनमध्ये सुट्टीतली सहल. आपल्या मुलांना मात्र सुट्टी म्हटलं की एसटी आणि गावची आजी आठवते. म्हणून लॅम्प, लँटर्न, स्वीट्स, गिफ्ट यांच्याबरोबर बस, बॅग, व्हिलेजही घ्या. स्नोमॅन नाताळपर्यंत थांबू शकतो.

हाऊजीला खर्च शून्य. फळ्यावर 12 चित्रं काढायची, मुलांनी त्यातली आवडीची 9 वहीतल्या नऊ खान्यांत काढायची. बाई शब्द पुकारतात, मुलं फुली मारतात. चाळीस मुलं एकदम खेळतात, कुणी रिकामं बसत नाही. पण मूल फक्त ऐकतं, बोलतात एकट्या बाईच. दुसऱ्या फेरीपासून पुकारायला मुलांनाच उभं केलं तर ही उणीव थोडी भरून निघते.

बोलतं करायचं असेल तर माझं मत जोड्यांना. 8 शब्दांची 16 पत्ती पालथी मांडायची, दोन उलटायची, सारखी निघाली तर आपली. नियम एकच: पत्तं उलटताना 'इट्स अ लॅम्प' असं पूर्ण वाक्य म्हणायचं, नाहीतर पाळी गेली. मराठीत 'अ', 'ॲन' असलं काही नसल्यामुळे आपली मुलं ते हमखास गाळतात, आणि नियम समजावून ते सुटत नाही. इथे मात्र 'अ गिफ्ट', 'ॲन ऑरेंज' तासाभरात इतक्यांदा तोंडातून जातं की जीभच वळते. पाळी वाचवायला शेजारचंच मूल चूक दाखवतं, बाईंना बोलावं लागत नाही. त्रास आहे तो तयारीचा. चाळीस मुलांचे चौघा-चौघांचे दहा गट, म्हणजे 160 पत्ती. जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद यासाठी उत्तम.

कंदील मुलांना सर्वांत प्रिय, पण हात चालू लागले की गप्पा मराठीतच रंगतात. त्यावर उपाय म्हणजे गोंद, कात्री, घोटीव कागद बाईंनी आपल्याजवळ ठेवायचे. 'ग्लू, प्लीज' म्हटल्याशिवाय द्यायचे नाहीत. तरीही सलग दोन तास मिळत नसतील तर कंदिलाच्या नादी लागू नका.

'शिवाजी म्हणतो' हा खेळ क्रियापदांसाठी: 'पॅक द बॅग', 'लाइट द लॅम्प'. ऐकून कृती करण्याची ही रीत जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने मांडली. अजून तोंड न उघडणाऱ्या मुलाला ती फार सोयीची, आणि जागेवर उभं राहूनही जमते.

भरलेल्या वर्गात पहिल्या दिवशी हाऊजी घ्या, कान तयार झाले की जोड्या. घरी एकच मूल असेल तर थेट जोड्याच मांडा आणि समोर आजोबांना बसवा. त्यांनी 'अ' गाळला तर त्यांचीही पाळी जाऊ द्या.