जावा फर्न घ्यावं की वॉटर स्प्राइट?

माशांची दोन फुटी टाकी, म्हणजे साधारण ५५ लिटर पाणी. टाकीसोबत आलेला साधा एलईडी, सहा-सात गप्पी, आणि "मरणार नाही असं एखादं झाड सांगा" हा प्रश्न. दुकानात त्याची हमखास दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही नेचेच असतात. दोन्ही सोपे, दोघांनाही सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर नको. पण एकाच्या जागी दुसरं चालेल असं समजू नका. जावा फर्नला विसरलात तरी चालतं. वॉटर स्प्राइटला विसरलात तर ते टाकीचा ताबा घेतं.

जावा फर्न आग्नेय आशियातलं, आपल्या ईशान्य भारतातही सापडणारं. ओढ्याकाठच्या खडकांना आणि ओंडक्यांना धरून ते वाढतं. त्यामुळे त्याला माती नको, धरायला काहीतरी हवं. पानं ज्यातून फुटतात ते आडवं, हिरवट-तपकिरी खोड वाळूत पुरलं की कुजतं. माझं पहिलं झाड असंच गेलं. विकणाऱ्याने "खडीत रोवून टाका" म्हटलं, मी चांगलं दोन इंच खोल रोवलं. तीन आठवड्यांत पानं देठापासून सुटून तरंगायला लागली. उपटून पाहिलं तर खोड काळं पडलेलं, बोटाने दाबलं की मऊ, आणि वास असा की हात तीनदा धुतले. दुसऱ्या वेळी शिवणाच्या काळ्या दोऱ्याने ड्रिफ्टवूडला बांधलं, फार न आवळता. दोऱ्याचा कंटाळा असेल तर खोड फडक्याने टिपून फेव्हिक्विकचा एक थेंबही पुरतो. पुढे तपकिरी, केसाळ मुळं लाकूड स्वतःच धरतात, मग दोरा कापून टाकायचा.

एकदा बसलं की पानं चिवट, वीतभर उंच किंवा थोडी जास्तच. वाढ मात्र गोगलगायीची. महिन्याला दोन-तीन नवी पानं आली तर मी खूश असतो. पानामागे ओळीने तपकिरी ठिपके दिसले तर घाबरू नका, त्या बीजाणूंच्या पुंजक्या आहेत. मी रोग समजून एकदा निम्मी पानं छाटली होती. जुन्या पानांच्या टोकांना चिमुकली रोपंही फुटतात, मुळांसकट. ती दोन इंचांची झाली की अलगद खुडून दुसऱ्या दगडाला बांधायची. पानांवर काळी भोकं पडत असतील तर बहुतेक वेळा पोटॅशियम कमी पडलेलं असतं. दिवा दहा-बारा तास जाळलात तर या संथ पानांवर काळं, दाढीसारखं शेवाळ बसतं. सहा-सात तास बास.

वॉटर स्प्राइटचा स्वभाव अगदी उलटा. जगभरच्या उष्ण प्रदेशात, आपल्याकडेही भातखाचरांत आणि दलदलीत उगवणारा हा नेचा. आशियात काही ठिकाणी त्याची कोवळी पानं भाजी म्हणून खातात. शास्त्रीय नाव सेरॅटोप्टेरिस, म्हणजे 'शिंगाचा नेचा'. बीजाणूंची पानं बघितली की कळतं, सांबराच्या शिंगांसारखी फाटे फुटलेली असतात. हे झाड वाळूत रोवा किंवा नुसतं तरंगत सोडा. तरंगतं ठेवलं तर वरचा उजेड मिळतो आणि ते सुसाट सुटतं. गणपतीला आठ दिवस गावी जाऊन आलो तर अर्ध्या टाकीवर हिरवं छत, खाली अंधार, आणि गप्पी त्या लोंबत्या मुळांत शिरून बसलेल्या. जाताना मूठभरच सोडलं होतं.

ही खादाड वाढ नव्या टाकीत सोन्यासारखी. पहिल्या महिना-दीड महिन्यात फिल्टरमधले अमोनिया पचवणारे जिवाणू बसलेले नसतात आणि माशांच्या विष्ठेतून अमोनिया साठतो. वॉटर स्प्राइट तो खेचून घेतं, शेवाळाचं खाणंही पळवतं. जावा फर्न हेच करतं, पण इतकं सावकाश की त्याच्या भरवशावर मासे सोडू नयेत. गप्पीची पिल्लं वाचवायची असतील तर मुळांचं हे जाळं घेण्यासारखं आहे.

मात्र गोल्डफिश असतील तर वॉटर स्प्राइटचा विचारच सोडा. ते त्यांचं ताट आहे. जावा फर्नची कडक पानं बहुतेक गोल्डफिश एकदा चावून सोडून देतात. बोअरचं जड पाणी जावा फर्न मुकाट सहन करतं. उन्हाळ्याचा हिशेब मात्र वेगळा. एप्रिल-मेत टाकीचं पाणी ३० अंशांपुढे गेलं की जावा फर्न रुसतं, त्याला २० ते २८ मानवतं. वॉटर स्प्राइट उष्णतेला जास्त सरावलेलं. नागपूर-अकोल्याकडच्यांनी हे आधी बघावं. झाकण उघडून पाण्यावर छोटा पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात, फक्त पाणी भराभर आटतं. बोल्बिटिस नावाचा तिसरा, आफ्रिकेतला नेचाही मिळतो. दिसायला देखणा, पण महाग आणि वाहतं पाणी मागणारा. पहिलं झाड म्हणून नको.

गप्पी-मॉलीच्या नव्या टाकीत मी आधी वॉटर स्प्राइट तरंगत सोडेन आणि दर रविवारी निम्मं काढेन. दोनेक महिन्यांनी पाणी स्थिरावलं की त्याच्या सावलीत एक जावा फर्न बांधेन. आठवड्याला टाकीत हात घालायचा कंटाळा असेल, किंवा मासे गोल्डफिश असतील, तर थेट जावा फर्न.

जावा फर्न विकत घेताना पानांपेक्षा खोड चाचपा: टणक हवं, काळं-मऊ नको. वॉटर स्प्राइट शक्यतो विकत घेऊच नका. ज्याच्याकडे आहे तो बादलीभर काढून टाकायच्या बेतात असतो, त्याच्याकडून मूठभर मागा. घरी आणल्यावर दोन-तीनदा स्वच्छ पाण्यात खंगाळा, गोगलगायींची चिकट अंडी पानांना असतात. काढलेलं जास्तीचं नाल्यात किंवा तळ्यात फेकू नका, कुंडीच्या मातीवर पसरा. दोन दिवसांत वाळून पापडासारखं होतं.