म्हापसा बाजारामागची फार्मसी: संधिवाताच्या गोळ्या इथूनच घेते

मला र्‍हुमॅटॉइड संधिवात आहे. सकाळी बोटं आखडलेली, आणि नारळ खवायला बसले की मनगट साथ सोडतं. नुसत्या मेथोट्रेक्सेटने सूज पुरती उतरेना, म्हणून डॉक्टरांनी जोडीला हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि सल्फासलाझिन दिलं. तिन्ही औषधं जुनी, महागड्या इंजेक्शनांपुढे कितीतरी स्वस्त. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, मेथोट्रेक्सेट पुरेसं न पडलेल्या रुग्णांत हे त्रिकूट एटानरसेप्टच्या इंजेक्शनाला कमी पडलं नव्हतं. पण प्रत्येक औषधाचं पथ्य निराळं, त्यामुळे ते देणारा माणूस जाणता हवा.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर तोंड येतं, रक्तपेशी घटतात, जिवावर बेततं. आधीच्या एका दुकानात मला पाकिटावर 'रोज १' लिहून मिळालं होतं! इथल्या फार्मसिस्ट बाई ती स्ट्रिप वेगळ्या पाकिटात घालतात, वर लाल पेनाने 'फक्त शुक्रवार, रात्री जेवल्यावर' असं ठळक लिहितात आणि मला मोठ्याने वाचायला लावतात. शुक्रवार म्हणजे म्हापशाचा बाजार, वार विसरायची सोयच नाही. मेथोट्रेक्सेटच्या जोडीला घ्यायच्या फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाचं पाकीट निराळं, त्यावर शनिवार.

पावसात लघवीला जळजळ होऊ लागली तेव्हा दुसऱ्या एका डॉक्टरांनी को-ट्रायमॉक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं. बाईंनी चिठ्ठी पाहिली आणि गोळ्या काढल्याच नाहीत. "मावशी, मेथोट्रेक्सेट चालू असताना हे नको. दोन्ही फोलेटवरच, म्हणजे रक्तपेशी बनायला लागणाऱ्या फॉलिक अ‍ॅसिडवरच, घाला घालतात, रक्तपेशी एकदम खाली येतात," म्हणाल्या आणि माझ्यासमोरच डॉक्टरांना फोन लावला. औषध बदलून मिळालं. दुकानात गर्दी होती, तरी त्यांनी घाई केली नाही. यासाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

सल्फासलाझिनने लघवी नारिंगी होते, घाबरू नका, हेही त्यांनीच आधी सांगून ठेवलं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाचे) रिपोर्ट झाले का, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठी डोळ्यांचा पडदा तपासला का, हे दर खेपेला विचारतात.

दुपारी दुकान बंद असतं. शुक्रवारी गाडी लावायला जागा मिळणं कठीण. सल्फासलाझिन संपायच्या आधी सांगून ठेवावं लागतं, नेहमी शिल्लक नसतं. आणि डॉक्टरांची मूळ चिठ्ठी न्या, मोबाइलवरच्या फोटोवर त्या मेथोट्रेक्सेट देत नाहीत.